हंगामापलीकडचा ग्राहक : महाबळेश्वरच्या लघुउद्योगांचा धडा

लघुउद्योगाची वाढ म्हणजे विक्रीची वाढ असे साधारणपणे मानले जाते. परंतु ज्या गावाचा सारा व्यवहार दोन-तीन दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्यांवर चालतो, त्या गावात ही व्याख्या अपुरी ठरते. सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर आणि पाचगणी ही अशीच गावे असून तेथील दुकानदाराला बहुतेक गिऱ्हाईक आयुष्यात एकदा, फार तर वर्षातून एकदा भेटते. अशा बाजारात दोन वृत्ती शेजारी शेजारी नांदतात. हाती आलेल्या गिऱ्हाइकाकडून जमेल तेवढे आजच घ्यावे, कारण ते उद्या दिसणार नाही, ही पहिली. आणि गिऱ्हाईक घाट उतरून गेल्यावरही त्याच्या स्वयंपाकघरात आपला माल राहावा, संपला की त्याने तोच पुन्हा मागावा, ही दुसरी. गेल्या सहा-सात दशकांत या पठारावर जे छोटे उद्योग खऱ्या अर्थाने मोठे झाले, ते दुसऱ्या वृत्तीचे होते, आणि ग्राहकसेवा ही वाढीनंतर परवडणारी चैन नसून वाढीचेच साधन असते, हे त्यांच्या वाटचालीवरून दिसते.

बाजारपेठेचा जन्म

महाबळेश्वरची बाजारपेठ मुळातच बाहेरून आलेल्या माणसांच्या गरजांतून उभी राहिली. कृष्णा नदीच्या उगमाचे क्षेत्र महाबळेश्वर हे जुने तीर्थ असले, तरी आजचे गाव वसले ते एकोणिसाव्या शतकात, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्या सहकार्याने १८२८-२९ च्या सुमारास येथे आरोग्यधाम उभे राहिले आणि वस्तीला माल्कमपेठ हे नाव मिळाले. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फुटांवरील या थंड जागी उन्हाळ्यात मुंबई सरकारचे अधिकारी राहू लागले, तेव्हा त्यांना भाजीपाला, फळे, पाव, वेताच्या वस्तू आणि पादत्राणे पुरवणारे कारागीर व व्यापारी त्यांच्या मागोमाग घाट चढून आले. त्या काळी येथे चिनी कैद्यांचा तुरुंग होता. त्या कैद्यांनी भाजीपाल्याची लागवड केली, टोपल्या विणल्या, आणि १८६४ मध्ये तुरुंग बंद झाल्यावरही ही कौशल्ये गावात रुजून राहिली.

या प्रारंभामुळे गावाच्या व्यापाराला एक गुण आणि एक दोष असे दोन्ही लाभले. परक्या माणसाला काय हवे हे ओळखण्याची सवय हा गुण. आणि ते माणूस ठरावीक महिनेच येते, या गृहीतावर साऱ्या वर्षाचा हिशेब बेतण्याची सवय हा दोष. पावसाळ्यात येथे पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, धुके दिवसच्या दिवस हटत नाही आणि बाजार मंदावतो. उन्हाळा, दिवाळी आणि नाताळ या तीन लाटांवर वर्ष काढणाऱ्या दुकानदाराला भाडे, पगार आणि कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने द्यावा लागतो. या तफावतीत येथील लघुउद्योगाचा मूळ प्रश्न दडलेला आहे.

नाशवंत फळ, नाशवंत हंगाम

हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने जाणवतो तो स्ट्रॉबेरीच्या बाबतीत. देशातील स्ट्रॉबेरी उत्पादनाचा फार मोठा हिस्सा, साधारणपणे ८५ टक्के असा आकडा सांगितला जातो, महाबळेश्वर-पाचगणी-वाई या पट्ट्यातून येतो. परदेशातून आणलेल्या मातृरोपांपासून, म्हणजे ज्यांच्या धावत्या फुटव्यांतून लागवडीची रोपे तयार होतात अशा मूळ रोपांपासून, पावसाळ्यात रोपवाटिका धरल्या जातात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गादीवाफ्यांवर मल्चिंग पेपर अंथरून आणि ठिबकच्या नळ्या टाकून लागवड होते. आणि नोव्हेंबरच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत तोडणी चालते. स्वीट चार्ली, कॅमारोसा, विंटर डॉन ही वाणे येथील शेतकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातली आहेत.

स्ट्रॉबेरीचे शरीरशास्त्र तिच्या व्यापाराचे नियम ठरवते. आंबा किंवा केळे तोडल्यानंतरही पिकते, स्ट्रॉबेरी तशी पिकत नाही. तोडताना जेवढी गोडी असेल तेवढीच तिच्यात राहते. त्यामुळे ती पूर्ण रंगल्यावरच तोडावी लागते, आणि पूर्ण रंगलेले फळ शीतगृहाबाहेर एक-दोन दिवसांतच मऊ पडते. पहाटे तोडणी, सावलीत प्रतवारी, सुमारे दोनशे ग्रॅमच्या पनेटमध्ये, म्हणजे छोट्या डब्यात, भरणी आणि रात्रीतून मुंबई-पुण्याकडे रवानगी, असा हा धावपळीचा क्रम आहे. आकाराने लहान, आकार बिघडलेले किंवा जास्त पिकलेले फळ या शर्यतीत टिकत नाही. ते प्रक्रियेला जाते किंवा वाया जाते. ताज्या फळाचा भाव शेतकऱ्याच्या हाती नसतो, कारण फळ थांबत नाही. आणि जो माल थांबू शकत नाही त्याच्या मालकाला सौदा करताना थांबता येत नाही. म्हणून प्रक्रिया उद्योग हा येथे शेतीला जोडलेला निव्वळ पूरक धंदा नाही; सौदा करताना थांबण्याची ताकद शेतकऱ्याला तोच मिळवून देतो.

पाचगणीतील एका औषधविक्रेत्याची वाट

१९५९ मध्ये पाचगणीत औषधविक्रीचा व्यवसाय करणारे किशोर व्होरा यांनी स्थानिक स्ट्रॉबेरीचा जॅम बनवण्यास छोट्या प्रमाणावर सुरुवात केली, आणि त्यातून ‘मॅप्रो’, म्हणजे महाबळेश्वर प्रॉडक्ट्स, हा उद्योग उभा राहिला. जॅमच्या जोडीला गुलाबाचे सरबत, फळांचे क्रश, फळांच्या गोळ्या आणि चॉकलेटे अशी उत्पादने येत गेली. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरील गुरेघर येथील मॅप्रो गार्डन आज पर्यटकांच्या वाटेवरचे हमखास ठिकाण झाले असून ईस्टरच्या सुमारास तेथे स्ट्रॉबेरी महोत्सव भरतो. पाचगणीतील ‘मालाज’सारख्या इतर उत्पादकांनीही याच वाटेने फळ टिकवण्याचा धंदा वाढवला.

या वाटचालीतून तीन गोष्टी वेगळ्या काढता येतात. पहिली, फळ टिकवण्याने ग्राहकही टिकतो. ताज्या फळाचे गिऱ्हाईक घाट उतरेपर्यंत असते, तर क्रशची बाटली घरी पोहोचते, उन्हाळाभर पाहुण्यांसमोर ठेवली जाते आणि संपल्यावर जवळच्या दुकानात तिचीच मागणी होते. डोंगरावर झालेल्या एका भेटीचे रूपांतर मैदानातील वर्षभराच्या मागणीत होते. दुसरी, एका फळावर विसंबण्याची जोखीम उत्पादनांची संख्या वाढवून कमी केली गेली. स्ट्रॉबेरीचा हंगाम संपल्यावर गुलाब, आंबा, आवळा यांच्यावर काम चालू राहिले आणि यंत्रे व माणसे रिकामी बसली नाहीत. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. माल विकत घेण्याआधी चाखायला देणे आणि ग्राहकाला उत्पादनाच्या जागेपर्यंत येऊ देणे, ही विक्रीची पद्धत झाली. अनोळखी गावात फसवले जाण्याची धास्ती प्रत्येक प्रवाशाच्या मनात असते. चव आधी आणि पैसे नंतर, या क्रमाने ती धास्ती नाहीशी होते.

या पद्धतीचे गणित एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येते. समजा, एका छोट्या दुकानात हंगामात दहा हजार माणसे येतात. त्यांच्यापैकी शंभरात पाच जणांनी घरी गेल्यावर वर्षातून दोनदा माल मागवला, तर पाचशे घरांकडून एक हजार मागण्या येतील, आणि त्या येतील नेमक्या पावसाळ्यातल्या सुन्या महिन्यांतही. यासाठी नवी इमारत लागत नाही. परवानगीने नोंदवलेला ग्राहकाचा पत्ता, शाबूत पोहोचेल अशी बांधणी आणि फुटलेली बाटली विनातक्रार बदलून देण्याची तयारी एवढेच लागते. दहा हजारांचे अकरा हजार पर्यटक करणे दुकानदाराच्या हाती नसते, परंतु शंभरातल्या पाचांचे सात करणे मात्र असते.

बरणीतील प्रमाण

विश्वास हा शब्द व्यापारात सैलपणे वापरला जातो. प्रक्रिया उद्योगात मात्र तो मोजता येतो. फळप्रक्रियेसाठी देशात १९५५ चा फळ उत्पादन आदेश दीर्घकाळ लागू होता आणि नंतर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याने त्याची जागा घेतली. या कायद्याखालील २०११ च्या नियमांनुसार जॅममध्ये फळाचे प्रमाण किमान ४५ टक्के असावे लागते, परंतु स्ट्रॉबेरी व रासबेरी यांच्यासाठी ही किमान मर्यादा २५ टक्के आहे. विद्राव्य घनपदार्थ, म्हणजे पाण्यात विरघळलेली साखर व तत्सम घटक, जॅममध्ये किमान ६५ टक्के असावे लागतात. क्रशमध्ये फळांश किमान २५ टक्के व विद्राव्य घनपदार्थ किमान ५५ टक्के, तर स्क्वॉशमध्ये फळांश तेवढाच आणि विद्राव्य घनपदार्थ किमान ४० टक्के, असा भेद आहे.

या आकड्यांतून छोट्या उत्पादकाने घेण्याचा बोध स्पष्ट आहे. कायदा किमान मर्यादा ठरवतो आणि मोठ्या कारखान्याशी त्या मर्यादेवर स्पर्धा करून, म्हणजे स्वस्तात स्वस्त बरणी काढून, घरगुती उत्पादक कधीच जिंकू शकत नाही. तो जिंकू शकतो मर्यादेच्या वर जाऊन : चाळीस-पन्नास टक्के फळ घालून, तसे लेबलावर ठळकपणे लिहून, आणि त्याचा योग्य दाम मागून. स्ट्रॉबेरीत पेक्टिन, म्हणजे जॅमला घट्टपणा देणारा नैसर्गिक घटक, कमी असते आणि तिचा रंग उष्णतेने व उजेडाने फिका पडतो. म्हणून अधिक फळाचा जॅम थोडा पातळ आणि रंगाने तपकिरीसर होऊ शकतो. हे ग्राहकाला आधी समजावून सांगितले तर तो त्याला खरेपणाची खूण मानतो. न सांगितल्यास त्यालाच दोष समजतो. माहिती देणे हे म्हणूनच सेवेचे पहिले अंग आहे.

वजनाचेही तसेच आहे. पनेटमध्ये वर टपोरी फळे आणि खाली बारीक किंवा डागी फळे, ही रस्त्याकडेच्या विक्रीतील जुनी तक्रार आहे. आवेष्टित वस्तूंसंबंधीच्या २०११ च्या वैध मापन नियमांप्रमाणे वेष्टनावर निव्वळ वजन, किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठीचा संपर्क छापणे आवश्यक असते. अनेक छोटे व्यावसायिक या अटींकडे कटकट म्हणून पाहतात. वास्तविक तक्रारीसाठी छापलेला दूरध्वनी क्रमांक हा लघुउद्योजकाला फुकट मिळालेला सल्लागार असतो, कारण जे गिऱ्हाईक तक्रार करते ते अजून तुटलेले नसते.

नावाची राखण

‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ या नावाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भौगोलिक मानांकन म्हणजे एखाद्या वस्तूचा गुण, लौकिक किंवा वैशिष्ट्य तिच्या उगमस्थानाशी जोडलेले आहे, याला कायद्याने दिलेली मान्यता. त्यासाठीचा भारतीय कायदा १९९९ चा असून तो २००३ पासून अमलात आहे. ही नोंदणी दहा वर्षांसाठी असते, तिचे नूतनीकरण करता येते आणि तिची मालकी कोणा एका व्यापाऱ्याची नसून उत्पादकांच्या संघटनेची असते. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील बेदाणा आणि हळद यांनाही पुढे असेच मानांकन लाभले.

मानांकनाने नाव मिळते, परंतु नावाची राखण आपोआप होत नाही. वैयक्तिक शेतकरी किंवा प्रक्रियादार अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदला गेला, त्याने बोधचिन्ह वेष्टनावर छापले आणि कोणत्या गावच्या बागेतला माल आहे हे लिहिले, तरच ग्राहकाला त्या नावाचा उपयोग होतो. अन्यथा दुसरीकडचे फळ महाबळेश्वरच्या नावाने विकले जाते आणि त्याच्या फिक्या चवीची शिक्षा महाबळेश्वरच्या शेतकऱ्याला भोगावी लागते. येथे एकट्या उद्योजकाचे कर्तृत्व पुरत नाही. नाव सामायिक असते, म्हणून शिस्तही सामायिक असावी लागते.

मधपाळांची सामायिक शिस्त

अशा सामायिक शिस्तीचा जुना नमुना याच पठारावर आहे. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वर येथे असून परिसरातील मधपाळांची सहकारी संस्था दीर्घकाळ मध गोळा करून ‘मधुसागर’ या नावाने विकत आली आहे. डोंगरातील खेड्यांत राहणारा, चार-दहा मधपेट्या सांभाळणारा मधपाळ एकट्याने शहरातील ग्राहकापर्यंत पोहोचू शकत नाही. त्याला ना प्रयोगशाळा परवडते, ना बाटल्या भरण्याचे यंत्र. संस्थेत मध एकत्र येतो, त्यातील पाण्याचे प्रमाण तपासले जाते, तो गाळला जातो आणि एका नावाखाली बाजारात जातो. मधात ओलावा जास्त राहिला तर तो आंबतो, आणि सातेरी या देशी मधमाशीच्या मधात हा ओलावा मुळातच अधिक असण्याचा संभव असल्याने तपासणीला येथे विशेष महत्त्व आहे.

पेटीतील मधाचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की मधयंत्रात पोळे फिरवून मध काढला जातो आणि पोळे शाबूत राहते. पोळे पिळून काढलेल्या मधापेक्षा हा स्वच्छ असतो आणि माशांची वसाहतही जगते. जांभूळ, गेळा, हिरडा आणि काही वर्षांच्या अंतराने एकदम फुलणारी कारवी यांच्या फुलोऱ्याप्रमाणे मधाचा रंग, चव आणि दाटपणा बदलतो. सर्व बाटल्यांत एकच रंग हवा, असा आग्रह धरणाऱ्या ग्राहकाला हा बदल समजावून देणे हेही मधविक्रेत्याचे काम ठरते. मे २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले, तेव्हा या समजावण्याला एक जागा मिळाली. तेथे ग्राहक मधपेटी उघडलेली पाहू शकतो. त्याआधी ४ मे २०१७ रोजी स्ट्रॉबेरीच्याच भिलार गावी ‘पुस्तकांचं गाव’ हा राज्य शासनाचा उपक्रम सुरू झाला आणि घरोघरी, मंदिरांत, शाळांत पुस्तके मांडली गेली. दोन्ही गावांनी पाहुण्याला थांबण्याचे नवे कारण दिले, आणि पाहुणा जेथे थांबतो तेथे न्याहारी, निवास आणि घरगुती उत्पादने यांचा व्यवसाय वाढतो.

सांगलीकडचा एक जुना धडा

ग्राहकाला शिकवत शिकवत धंदा वाढवण्याचे सर्वांत ठळक उदाहरण याच कृष्णाकाठी, खाली सांगली जिल्ह्यात घडले. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या अधिपतींच्या साहाय्याने कुंडलच्या माळावर कारखाना आणला आणि किर्लोस्करवाडी वसवली. त्यांच्या लोखंडी नांगराला आरंभी गिऱ्हाईक मिळेना, कारण लोखंडाने जमीन बिघडेल अशी शेतकऱ्यांची समजूत होती. शेतकऱ्याच्या शंकेला हसण्याऐवजी त्याला नांगर चालवून दाखवणे, त्याच्या तक्रारीप्रमाणे फाळात सुधारणा करणे, हा मार्ग कारखान्याने धरला. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादकत्वाखाली ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू झाले. ग्राहक आणि विक्रेते यांच्याशी कारखान्याचे नाते जोडणाऱ्या या पत्रातूनच पुढे मराठीतील एक महत्त्वाचे मासिक घडले. ग्राहकाशी नियमित संवाद ठेवण्याची कल्पना मराठी मुलुखाला शंभर वर्षांपूर्वीच परिचित होती. आजच्या व्हॉट्सॲपवरील संदेशांनी तिचे साधन तेवढे बदलले आहे.

वाढीची मर्यादा आणि वाढीची दिशा

महाबळेश्वर-पाचगणी परिसर १७ जानेवारी २००१ च्या केंद्रीय अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला, म्हणजेच तेथील बांधकाम, वृक्षतोड, खाणकाम आणि प्रदूषणकारी उद्योग यांवर निर्बंध आले. डोंगरावर कारखान्यांचा विस्तार होऊ शकत नाही; हंगामातील शनिवार-रविवारी घाटात लागणाऱ्या वाहनांच्या रांगा पाहता पर्यटकांची संख्याही अमर्याद वाढू शकत नाही, आणि वाढू नयेही. या मर्यादेकडे अडथळा म्हणून पाहण्याचे कारण नाही. संख्येची वाढ जेथे थांबते तेथे गुणवत्तेची वाढ सुरू होऊ शकते : कमी बाटल्या पण अधिक फळ, कमी खोल्या पण अधिक आस्था, कमी गर्दी पण पुन्हा येणारी माणसे.

अशा वाढीसाठी भांडवलाची वाट आता पूर्वीइतकी बंद नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपये, एवढे कर्जसंलग्न अनुदान ठेवले गेले, आणि १ एप्रिल २०२५ पासूनच्या नव्या व्याख्येनुसार अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक व दहा कोटींपर्यंत उलाढाल असणारा उद्योगही सूक्ष्म गटात मोडतो. परंतु अनुदानातून यंत्र येते, गिऱ्हाईक येत नाही. यंत्र घेण्याआधी उद्योजकाने स्वतःला चार प्रश्न विचारले पाहिजेत : आपल्याकडे दुसऱ्यांदा आलेले ग्राहक किती, ते कशासाठी आले, जे परतले नाहीत ते का परतले नाहीत, आणि आपल्या मालाबद्दलची कोणती गोष्ट आपण ग्राहकाला अजून सांगितलेली नाही. ही उत्तरे ज्याच्या वहीत आहेत, त्यालाच पुढचे कर्ज झेपते.

ग्राहकाचीही यात जबाबदारी आहे. दिवाळीच्या सुमारास बहुतेक बागा अजून फळावर आलेल्या नसतात, तेव्हा सुट्टीत महाबळेश्वरला जाणाऱ्या वाचकाने ताज्या स्ट्रॉबेरीचा हट्ट न धरता तेथील मध, जॅम, क्रश यांच्या लेबलावरील फळांश, वजन आणि गावाचे नाव वाचून खरेदी करावी, चांगल्या मालाचा वाजवी दाम घासाघीस न करता द्यावा, आणि काही उणे आढळल्यास ते उत्पादकाला अवश्य कळवावे. प्रामाणिक छोट्या उद्योगाला याहून मोठी मदत कोणतीही योजना करू शकणार नाही.